लेकराचं काय करायचं, हे कोणी ठरवायचं?



गटाची बैठक आपण गोल बसून घेतो. एखादीचा हप्ता दोन महिने थकला तर तिच्या माघारी ठराव करत नाही. तिला बोलावतो, अडचण विचारतो आणि मुदत वाढवायची की हप्ता कमी करायचा, ते तिच्यासमोरच ठरतं. तिच्या तोंडून ठरलेलं असतं म्हणून ती ते पाळतेही.

आता दुसरं एक घर डोळ्यासमोर आणा. बाप गेलेला आहे, आई ऊसतोडीला जायची आहे आणि दोन लेकरं मागं राहणार आहेत. त्यांचं काय करायचं हे कुठं ठरतं? बहुतेक वेळा दारात, उभ्याउभ्या. दीर म्हणतो पोरीचं उरकून टाका. शेजारीण म्हणते आश्रमात घाला. मुकादम म्हणतो घेऊन चला की, कोपीवर भाकरी थापायला होईल. आई मान हलवते. पोरीला कुणी विचारत नाही. आणि मामा, मावशी, आजोळची आजी यांच्या कानावर जातं ते सगळं ठरून गेल्यावर.

या महिन्याच्या अभ्यासाचा विषय हाच आहे. लेकराच्या सुरक्षिततेचा निर्णय घेताना घरच्यांना एकत्र कसं बसवायचं, आणि कुठल्या वेळी अजिबात बसवायचं नाही.

कायद्यात काय आहे

आपल्या देशात बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ हा कायदा आहे. त्याच्या सुरुवातीलाच काही तत्त्वं दिली आहेत, त्यातली तीन आपल्या कामाची. एक, लेकराच्या काळजीची पहिली जबाबदारी कुटुंबाची. दुसरं, लेकराला त्याचं म्हणणं मांडायचा हक्क आहे आणि त्याच्या वयाप्रमाणे ते ऐकलं गेलं पाहिजे. तिसरं, मूल संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, म्हणजे बाकीचं सगळं करून बघितल्यावरचा.

कायद्याप्रमाणे जिल्ह्याला बाल कल्याण समिती असते. एक अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यात निदान एक बाई असलीच पाहिजे. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल सापडलं, तर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत त्याला समितीपुढे न्यावं लागतं. मग समिती सामाजिक चौकशी करायला सांगते. ती १५ दिवसांत व्हायला हवी. कुणीतरी कार्यकर्ता घरी येतो, विचारपूस करतो, अहवाल लिहितो आणि त्या अहवालावर पुष्कळ काही अवलंबून असतं. पुष्कळ बायांना समितीचं नाव काढलं की पोलीस आठवतात. समिती म्हणजे शिक्षा देणारी जागा नव्हे. मूल घरी पाठवायचं, घरी पाठवून लक्ष ठेवायचं, नातेवाइकांकडे ठेवायचं, खर्चाला मदत मिळवून द्यायची, असे पर्याय तिच्या हातात असतात. पण चौकशीला माणूस आला तेव्हा घरात फक्त घाबरलेली आई असेल आणि तिनं 'मला नाही झेपत' एवढंच सांगितलं, तर अहवालात तेवढंच उतरतं. त्याच दिवशी मामा हजर असता आणि म्हणाला असता की शाळेच्या दिवसांत पोरं माझ्याकडे राहतील, तर समितीपुढे आणखी एक वाट आली असती.

गावपातळीवर ग्राम बाल संरक्षण समिती आहे. सरपंच अध्यक्ष, अंगणवाडी ताई सदस्य सचिव. काही गावांत ही समिती फक्त रजिस्टरमध्ये आहे, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तरी ती आहे, आणि आपण तिला कामाला लावू शकतो.

लांबच्या एका देशातली बैठक

कॉलेजात समाजकार्य शिकताना न्यूझीलंडचा धडा होता. तेव्हा वाटलं, आपल्याला त्याचं काय? गावात काम करायला लागल्यावर तोच धडा सगळ्यात जास्त आठवतो.

तिथले मूळ रहिवासी म्हणजे माओरी. त्यांच्यात कुटुंबाला 'व्हानाऊ' म्हणतात. त्यात आईबाप आणि लेकरं एवढंच येत नाही. आजीआजोबा, काका, मामा, आत्या, सगळे धरून एक व्हानाऊ. आपल्या भावकीसारखंच, फक्त आईकडचेही त्यात मोजले जातात. सरकारी माणसं माओरी लेकरांना घरातून काढून संस्थेत नाहीतर परक्या घरी ठेवत, आणि आजीला किंवा काकांना विचारतही नसत. माओरी लोकांनी याविरुद्ध आवाज उठवला. १९८८ साली त्यावर एक मोठा अहवाल आला आणि १९८९ साली कायदाच बदलला. तेव्हापासून तिथं लेकराबद्दल मोठा निर्णय घ्यायचा तर आधी सगळ्या कुटुंबाची बैठक बोलवावी लागते.

त्या बैठकीची रीत मला फार आवडते. आधी अधिकारी आणि माहीतगार माणसं कुटुंबाला सगळं स्पष्ट सांगतात: लेकराला धोका काय आहे, मदत काय मिळू शकते, कायदा कुठपर्यंत सवलत देतो. नंतर बाहेरची सगळी माणसं उठून बाहेर जातात. आत फक्त घरचे राहतात. रडतात, भांडतात, जुनी उणीदुणी काढतात आणि शेवटी स्वतःचा एक आराखडा तयार करतात. मग बाहेरची माणसं परत आत येतात आणि एकच गोष्ट बघतात, की यात लेकरू सुरक्षित राहील का. राहणार असेल तर तोच आराखडा धरायचा.

तिथंही सगळं सुरळीत झालं असं नाही. २०१९ साली माओरी लोक तान्ही बाळं काढून घेण्याच्या विरोधात पुन्हा रस्त्यावर आले होते. कायद्यात बैठक लिहिलेली असली तरी ती मनापासून घेतली जाते का, हा प्रश्न उरतोच. आपल्याकडे तर कायद्यात अशी बैठक लिहिलेलीही नाही. पण ती घ्यायला कुणाची मनाई नाही, आणि गोल बसून बोलायची सवय आपल्या गटांना आहेच.

आपल्या प्रभागातली एक हकिगत

गावाचं आणि मुलीचं नाव सांगणार नाही. काही तपशीलही बदलले आहेत. अशा लेकराची ओळख पटेल असं काही छापायला कायद्यानं बंदी आहे, आणि ते बरोबरच आहे. तुम्हीही वाचून अंदाज बांधत बसू नका.

एका गटाच्या बैठकीत एक ताई म्हणाली, अंतर्गत कर्जातून वीस हजार पाहिजेत. सचिव ताईनं नेहमीप्रमाणे कारण विचारलं. ही म्हणाली, 'पाहुणे बघून गेलेत.' मुलगी आठवीला, वय तेरा. नवरा वारून दोन वर्षं झालेली. ताई भावाबरोबर कोयता धरून तोडीला जाणार होती. पोर एकटी कशी ठेवायची, म्हणून लग्न.

सचिव ताईनं दोन गोष्टी चांगल्या केल्या. एक म्हणजे तिला सगळ्यांसमोर झापलं नाही. दुसरं म्हणजे त्याच दिवशी अंगणवाडी ताईला आणि ग्रामसेवकांना सांगितलं. ग्रामीण भागात ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. मुलीचं १८ आणि मुलाचं २१ पूर्ण व्हायच्या आत लग्न लावणं हा गुन्हा आहे, हे त्यांनी घरी जाऊन सांगितलं आणि लेखी घेतलं. इथपर्यंत कुटुंबाचं मत विचारायचा प्रश्नच नव्हता. लग्न करायचं का नाही, हा नंतरच्या बैठकीचाही विषय नव्हता.

पण लग्न थांबलं म्हणजे प्रश्न संपला का? आई पंधरा दिवसांनी जाणारच होती, उचल घेतलेली होती. पोर कुठं राहणार? अशा वेळी आपण 'बालविवाह रोखला' म्हणून फोटो काढतो आणि निघून येतो. चार महिन्यांनी कळतं की लग्न दुसऱ्या गावात जाऊन लागलं.

म्हणून ग्रामसंघाच्या खोलीत घरच्यांना बसवायचं ठरलं. कुणाकुणाला बोलवायचं याची यादी आईनं केली, तेव्हा त्यात सासू, दीर आणि भाऊ एवढीच नावं होती. अंगणवाडी ताईनं तिला विचारलं, 'पोरगी कुणाकडे रमते?' तेव्हा शेजारच्या गावातल्या आत्याचं नाव निघालं. आई म्हणाली, नणंदेशी बोलणं नाही. तरी आत्याला निरोप गेला. मामीलाही बोलावलं, कारण मामा 'ठेवतो' म्हणेल, पण भाकरी मामीला करायची आहे.

बैठकीआधी अंगणवाडी ताई मुलीशी एकटीशी बोलली. घरचे सगळे 'शाळा का लग्न' यावर वाद घालत होते. मुलगी म्हणाली, 'शाळा गावातच आहे, तिला मी जाईन. मला रात्रीची भीती वाटते. कडी मोडलेली आहे आणि आजीला ऐकू येत नाही.' आणखी एक म्हणाली, की धाकट्या भावाला सोडून वसतिगृहात जाणार नाही. इतक्या दिवसांत हे कुणालाही माहीत नव्हतं. मुलीनं 'चालेल' म्हटलं तेव्हाच अंगणवाडी ताईनं ते बैठकीत सांगितलं. मुलगी स्वतः थोडा वेळ येऊन आत्याजवळ बसली आणि नंतर उठून गेली. तेही ठीकच आहे. सगळ्या मोठ्यांसमोर लेकरानं उभं राहून बोललंच पाहिजे असं काही नाही.

पहिला अर्धा तास आम्ही माहिती दिली. बाल संगोपन योजना, वसतिगृह, समिती, सगळं. मग आम्ही बाहेर ओट्यावर येऊन बसलो. आतून आवाज चढले. आमच्यातली एक उठायला लागली, तिला हात धरून बसवलं. सव्वा तास लागला, चहा दोनदा झाला.

आम्ही सगळ्यांनी दिराला खलनायक धरलेलं होतं, कारण स्थळ त्यानंच आणलेलं. आत मात्र तो म्हणाला, 'मला कुणी काय विचारलंच नाही. तू पैसे मागितले, मी म्हणलं पैसे नाहीत, लग्न लावून दे. तिला ठेवायची कुठं, हे कुणी बोललंच नाही.' कडी बसवायचं आणि दार दुरुस्त करायचं त्यानं अंगावर घेतलं. आत्या म्हणाली, अमावास्येला नि सणाला मी येऊन राहीन, आणि आईचं काही दुखलंखुपलं तर दोन्ही पोरं माझ्या घरी. मामानं महिन्याचं किराणा सामान कबूल केलं. मामी म्हणाली, ते मी लिहून देते, यांचा भरवसा नाही. सगळे हसले, पण कागदावर सही तिचीच आहे.

मग आम्ही आत गेलो आणि दोनच प्रश्न विचारले. रात्री घरात नेमकं कोण असणार? आणि आजी आजारी पडली तर पहिल्या तासात कोण येणार? पहिल्याचं उत्तर नीट नव्हतं. त्यावर शेजारच्या घरातल्या थोरल्या बाईचं नाव पुढं आलं; ती मुलीजवळ झोपायला येते, तिचीही गटात बचत आहे. आई दर रविवारी संध्याकाळी फोन करणार, आणि सीआरपी ताई पंधरा दिवसांनी डोकावणार, हे लिहिलं. कागदाच्या तीन प्रती झाल्या: घरी एक, ग्रामसंघात एक, अंगणवाडीत एक.

संक्रांतीच्या आसपास आजी पडली, मांडीचं हाड मोडलं. आराखडा पहिल्यासारखा चालणार नव्हता. पण त्यात आत्याचं नाव आधीच होतं, त्यामुळे मुलं तिसऱ्या दिवशी तिच्या घरी गेली आणि शाळेला तिथून सायकलवर यायला लागली. पोरीनं आठवीची परीक्षा दिली. नणंद-भावजयीचं बोलणं अजूनही बेतास बातच आहे. बाल संगोपनचा अर्ज दोन्ही मुलांचा गेला आहे, पैसे अजून सुरू झालेले नाहीत.

कुठल्या वेळी बैठक नाही

हे नीट वाचा, कारण इथंच गल्लत होते.

घरच्यांना विचारणं म्हणजे घरातल्या घरात मिटवणं नव्हे. लेकरावर लैंगिक अत्याचार झाला असेल किंवा तसा संशय असेल, तर आधी बैठक घ्यायची नाही. बैठक घेतली तर ज्याच्यावर संशय आहे तोच माणूस, नाहीतर त्याचा भाऊ, समोर बसलेला असतो, आणि लेकरू कायमचं गप्प होतं. २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे अशी गोष्ट कळली की ती पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवणं हाही गुन्हा आहे. 'घराण्याची अब्रू' म्हणून दोन्हीकडची मोठी माणसं पैसे देऊन-घेऊन बसवाबसवी करत असतील, तर गटाच्या बाईनं त्यात साक्षीदार म्हणूनसुद्धा बसू नये.

मूल मारहाणीत जखमी आहे, घरातून काढून दिलंय, विकायचं किंवा कुठं कामाला पाठवायचं चाललंय, उद्या लग्न आहे, असं काहीही असलं तर आधी १०९८ ला फोन. हा मुलांसाठीचा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो. तातडीचं असेल तर ११२. लेकरू आधी सुरक्षित जागी जाऊ दे. त्यानंतर, धोका कुणापासून आहे ते स्पष्ट झाल्यावर, बाकीच्या नातेवाइकांना बसवता येतं, आणि तेव्हा ते बसवावंही. आजोळ, आत्या, थोरला चुलत भाऊ, यांच्यातून कुणी पुढं आलं तर बाल कल्याण समितीला ते हवंच असतं. धोका ज्याच्यापासून आहे तो मात्र त्या खोलीत नको, त्याचा निरोपही नको.

घरात नवऱ्याची मारहाण असेल तर आईचाही असाच विचार करा. नवऱ्यासमोर ती खरं बोलेल ही अपेक्षाच चुकीची आहे. तिच्याशी वेगळं बोलावं.

पैशांबद्दल थोडं

नातेवाईक 'ठेवतो' म्हणायला कचरतात ते पुष्कळदा खर्चामुळे. म्हणून बैठकीआधी ही माहिती तुमच्याजवळ असू द्या. आपल्या राज्याच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बाल संगोपन योजनेत १८ वर्षांखालच्या पात्र मुलाला महिन्याला २,२५० रुपये मिळतात. २०२३ च्या आधी ते १,१०० होते. आई किंवा बाप वारलेली मुलं यात बसतात, आणि मूल नातेवाइकांच्या घरी राहत असलं तरी विचार होतो. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्व म्हणून महिन्याला ४,००० रुपयांची तरतूद आहे, त्यासाठी ग्रामीण भागात कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ७२,००० रुपयांपेक्षा जास्त नसावं लागतं. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना २०२१ साली सुरू झाली आहे. वसतिगृह चांगलं की वाईट हे मी सांगणार नाही. एखाद्या मुलीला ते हवं असतं, एखादीला नको असतं. तिलाच विचारा.

बाल संगोपनच्या अर्जासाठी आई-बापापैकी जे वारले त्यांचा मृत्यूचा दाखला, मुलाचं आणि पालकाचं आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, शाळेचा बोनाफाईड आणि बँक पासबुक ही कागदं लागतात. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षात जातो. पैसे खात्यावरच येतात. 'मी मंजूर करून देतो' म्हणून कुणी मागत असेल तर देऊ नका, ग्रामसंघात सांगा.

तुमच्या गावात बसवायचं झालं तर

दुपारी बोलावू नका, माणसं रानात असतात. संध्याकाळी, जेवणाच्या आधी बरं. जागा कुणाच्या घरची नको, कारण ज्याचं घर त्याचा आवाज मोठा. पुढाऱ्याला मध्ये बसवू नका. तो पहिल्या पाच मिनिटांत निकाल देतो आणि बाकीचे 'बरं' म्हणून उठतात. ज्या बाईनं ही बैठक जुळवायची ती त्या भावकीतली नसावी. दारू पिऊन आलेल्याला त्या दिवशी परत पाठवा, पुन्हा तारीख द्या.

कागदावर 'सर्वांनी मुलांची काळजी घ्यावी' असलं काही लिहू नका. त्यातून पुढं काही होत नाही. कोण, कधी, काय करणार ते नावानिशी लिहा, आणि प्रत्येक नावापुढे दुसरं एक नाव लिहा, पहिल्याला जमलं नाही तर कोण. महिन्याभरानं पुन्हा एकदा बसायची तारीख त्याच कागदावर टाका.

आणि जे ऐकलं ते पाणवठ्यावर बोलायचं नाही. हे सांगावं लागतं, कारण एका घरची गोष्ट गावभर झाली की दुसरं घर बैठकीला येत नाही.

उचल बऱ्याच घरांत घेऊन झाली आहे. दसऱ्यानंतर गाड्या निघायला लागतील. या महिन्याच्या बैठकीत प्रत्येक गटानं एवढं करावं: आपल्यातल्या कोणकोणत्या बायका तोडीला जाणार, त्यांची किती लेकरं मागं राहणार आणि कुणाजवळ राहणार, याची यादी करून ग्रामसंघाकडे द्यावी. 'कुणाजवळ' हा रकाना ज्यांचा रिकामा राहील त्या घरांपासून आपण बैठका सुरू करू. आराखड्याच्या कागदाचा नमुना सीआरपी ताईंकडे दिला आहे. लिहिता न येणाऱ्या ताईंच्या घरी बैठकीच्या दिवशी मी किंवा सीआरपी ताई येऊ, फक्त दोन दिवस आधी निरोप द्या.